जॉन चार्डची दोन पदके : ब्रिटिश लष्करी पदकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश काळातल्या लष्करी पदकांबद्दल मला सतत प्रश्न येतात. काही घरातल्या पेटीत सापडलेल्या मेडलबद्दल असतात, काही रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईबद्दल. दोन्हींची उत्तरे एकाच ठिकाणी द्यायची म्हणून रॉयल इंजिनियर्सचा अधिकारी जॉन चार्ड हे उदाहरण घेतले आहे. लढाईतली पदके त्याला दोनच मिळाली, पण पदकपद्धतीतले बहुतेक गुंते त्या दोनांत सापडतात. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जॉन चार्ड कोण होता?

ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनियर्स या दलातला अधिकारी. पूर्ण नाव जॉन राउज मेरियट चार्ड. जन्म २१ डिसेंबर १८४७, इंग्लंडमधल्या प्लिमथजवळ. २२ आणि २३ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्ट या ठिकाणी दीडशेच्या आसपास माणसांनी तीन ते चार हजार झुलू योद्ध्यांचा हल्ला परतवला, तेव्हा हुकूम चार्डचा होता. त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १ नोव्हेंबर १८९७ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आतच, तो वारला.

२. इंजिनियर अधिकारी म्हणजे लढणारा की बांधकाम करणारा?

दोन्ही, पण रोजचे काम बांधकामाचे. पूल बांधणे, नदीवर तराफे चालवणे, रस्ते काढणे, किल्ल्यांच्या भिंती आणि तोफांचे चौथरे उभारणे, नकाशे करणे, सुरुंग लावणे. लढाई आली की बंदूक हातात घ्यायचीच. आपल्याकडे ‘सॅपर’, म्हणजे इंजिनियर दलाचा सैनिक, हा शब्द याच दलामुळे रुळला आहे.

दलाचे ब्रीद आहे ‘उबिक्वे’, म्हणजे सर्वत्र. ते चार्डच्या नोकरीला अक्षरशः लागू पडते. बर्म्युडा, माल्टा, दक्षिण आफ्रिका, सायप्रस, सिंगापूर, असा तो फिरत राहिला आणि यांतल्या फक्त एका ठिकाणी त्याने लढाई पाहिली. बाकी ठिकाणी तटबंदी, बराकी आणि अंदाजपत्रके.

३. तेव्हा अधिकारीपद पैसे देऊन विकत मिळायचे असे वाचले आहे. चार्डनेही विकत घेतले होते का?

नाही. विकत घ्यायची पद्धत पायदळात आणि घोडदळात होती आणि ती १८७१ मध्ये बंद झाली. तोफखाना आणि इंजिनियर्स या दोन दलांत ती कधीच नव्हती, कारण तिथे गणित आणि तंत्र आल्यावाचून भागत नसे. या दलांत जायचे तर वुलविचच्या रॉयल मिलिटरी ॲकॅडमीतून उत्तीर्ण व्हावे लागे. नंतर चॅथमच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत पुढचे शिक्षण. चार्ड १४ जुलै १८६८ रोजी लेफ्टनंट झाला.

पण या पद्धतीची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. पद विकत मिळत नसल्याने बढती फक्त ज्येष्ठतेने होई आणि वरची जागा रिकामी होईपर्यंत थांबावे लागे. चार्ड जवळपास साडेदहा वर्षे लेफ्टनंटच होता. हा तपशील लक्षात ठेवा, सहाव्या प्रश्नात तो उपयोगी पडेल.

४. रोर्क्स ड्रिफ्टला चार्ड मुळात कशासाठी गेला होता?

तराफे दुरुस्त करायला. बफेलो नदीच्या अलीकडे नाताळ ही ब्रिटिश वसाहत आणि पलीकडे झुलूलँड. सैन्य आणि रसद पलीकडे नेण्यासाठी नदीवर दोन मोठे सपाट तराफे होते. चार्डची तुकडी, रॉयल इंजिनियर्सची पाचवी कंपनी, जानेवारीच्या सुरुवातीला डर्बनला उतरली. त्याला थोडी माणसे देऊन पुढे पाठवले ते या तराफ्यांसाठी.

२२ जानेवारीच्या सकाळी त्याच्या सॅपर्सना इसांडलवानाच्या मुख्य छावणीत येण्याचा हुकूम आला. तो त्यांना तिथे सोडून परत नदीवर आला. दुपारी झुलू सैन्याने ती छावणी बुडवली, ब्रिटिशांच्या बाजूची १,३०० हून अधिक माणसे मारली गेली आणि चार्डचे सॅपर्सही त्यांतच गेले. म्हणजे रोर्क्स ड्रिफ्ट लढवताना या इंजिनियर अधिकाऱ्याजवळ त्याच्या दलाचा एकच माणूस होता, त्याचा ड्रायव्हर रॉबसन.

५. लढाईत इंजिनियर असण्याचा नेमका काय उपयोग झाला?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

दुपारी तीनच्या सुमारास इसांडलवानाहून पळून आलेल्या घोडेस्वारांनी बातमी आणली. ठाण्यात दोनच इमारती होत्या. एका मिशनऱ्याचे घर, त्याचे इस्पितळ केलेले, आणि जवळच एक कोठार. पळून जायचे तर इस्पितळातले आजारी आणि जखमी बैलगाड्यांत घालून उघड्या माळावरून न्यावे लागले असते आणि झुलूंनी त्यांना वाटेतच गाठले असते. रसद खात्यातल्या जेम्स डाल्टनने इथेच थांबून लढण्याचा आग्रह धरला आणि तो योग्य होता. डाल्टन जुना सैनिक होता. त्यालाही पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दगड फोडून भिंत बांधायला वेळ कुठला! पण कोठार मक्याच्या पोत्यांनी आणि बिस्किटांच्या लाकडी खोक्यांनी भरलेले होते. एकेक पोते दोनशे पौंडांच्या घरातले, म्हणजे सुमारे ९० किलो. दोन इमारती जोडणारी पोत्यांची भिंत रचली, मध्ये दोन गाड्या घातल्या. हे काम चालू असताना ठाण्यातले नाताळचे स्थानिक घोडेस्वार आणि पायदळाची एक तुकडी निघून गेली. लढणारे हात एकदम निम्म्याहून कमी झाले.

चार्डचा खरा निर्णय इथे आहे. आखलेली भिंत शे-सव्वाशे माणसांना लढवायला फार लांब आहे हे त्याने ओळखले आणि आतल्या बाजूला, कोठाराच्या कोपऱ्यापासून, बिस्किटांच्या खोक्यांची दुसरी आडवी भिंत सुरू केली. ती पुरी होण्याआधीच झुलू दिसू लागले. संध्याकाळी इस्पितळाला आग लागली, तेव्हा माणसे मागे सरकली ती याच भिंतीआड. ती नसती तर इस्पितळ पडल्यावर सगळेच संपले असते. रात्री आणखी आत पोत्यांची एक उंच गोल बुरुजवजा रास केली, वरच्या बाजूला बंदुका चालवायला खोल जागा ठेवून. बाहेरची भिंत, मग मधली, मग शेवटचा आसरा. वेढा पडलेल्या जागेचे संरक्षण टप्प्याटप्प्याने आत घ्यायचे ही चॅथमच्या शाळेतली शिकवण त्याने पोती आणि खोकी वापरून अमलात आणली.

पहाटेपर्यंत हल्ला ओसरला. ब्रिटिशांच्या बाजूची १७ माणसे मेली किंवा नंतर जखमांनी दगावली.

६. तिथली तुकडी ब्रॉमहेडची होती. मग हुकूम चार्डचा कसा?

ज्येष्ठतेमुळे. दोघेही लेफ्टनंट, पण चार्डला ते पद १८६८ मध्ये मिळाले होते आणि २४ व्या पायदळ पलटणीच्या गॉनव्हिल ब्रॉमहेडला त्यानंतर. ठाण्याचा प्रमुख मेजर स्पॉल्डिंग त्या दुपारी कुमक आणायला निघाला, तेव्हा त्याने सैन्याची यादी पाहून कोण ज्येष्ठ ते ठरवले आणि चार्डकडे ठाणे सोपवले. बढती रखडल्यामुळे चार्ड इतका जुना लेफ्टनंट होता आणि म्हणूनच त्या रात्रीचा प्रमुख ठरला. ब्रॉमहेडची माणसे ब्रॉमहेडच्या हाताखालीच लढली आणि दोघांनाही क्रॉस मिळाला.

७. व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे काय आणि तो कसा दिसतो?

शत्रूसमोर गाजवलेल्या पराक्रमासाठीचा ब्रिटिशांचा सर्वोच्च सन्मान. २९ जानेवारी १८५६ रोजी राणी व्हिक्टोरियाने सुरू केला. सोने नाही, चांदी नाही. काळपट ब्राँझचा, सुमारे साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा क्रॉस. मधोमध मुकुटावर सिंह, खाली ‘फॉर व्हॅलर’ अशी अक्षरे, गडद किरमिजी रिबन. नौदलाची रिबन १९१८ पर्यंत निळी असे.

वैशिष्ट्य असे की साध्या शिपायाला आणि सेनापतीला एकच पदक. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पण हिंदी शिपायांना मात्र तो १९११ पर्यंत मिळू शकत नसे. त्यांच्यासाठी १८३७ पासूनचे ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ होते.

मागची बाजू जास्त बोलकी असते. मधल्या वर्तुळात पराक्रमाची तारीख कोरलेली असते आणि क्रॉस ज्या आडव्या दांडीला लटकतो तिच्या पाठीवर नाव, हुद्दा आणि दल.

८. चार्डचे दुसरे पदक कोणते?

साउथ आफ्रिका मेडल. हे मोहिमेचे पदक आहे, पराक्रमाचे नव्हे. मोहिमेत हजर असलेल्या प्रत्येकाला ते मिळते. चांदीचे, ३६ मिलिमीटरचे. एका बाजूला राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला झुडपामागे वाकलेला सिंह. हीच रचना आधीच्या, १८५३ पर्यंतच्या सीमायुद्धांच्या पदकावरही आहे. त्यावर सिंहाखाली १८५३ हे साल आहे, नव्यावर त्या जागी झुलू ढाल आणि भाले. फक्त फोटो पाहून दोन्हींत गल्लत होते ती इथेच.

९. रिबनवर ‘१८७९’ लिहिलेली छोटी पट्टी असते, ती कशासाठी?

तिला क्लास्प म्हणतात. पदक सांगते कोणती मोहीम, पट्टी सांगते मोहिमेतला कोणता भाग. साउथ आफ्रिका मेडलवर सालांच्या पट्ट्या आहेत. चार्डच्या पदकावर ‘१८७९’ आहे, तर २४ व्या पलटणीतल्या अनेकांच्या पदकावर ‘१८७७-८-९’. पुस्तक न उघडताही कळते की पलटण केप प्रांताच्या आधीच्या लढायांत मुरलेली होती आणि चार्ड झुलू युद्धासाठी नव्याने आलेला.

अपवादही आहे. जे नाताळमध्येच राहिले आणि सीमा ओलांडून गेले नाहीत, त्यांना पट्टीविना पदक मिळाले. त्यामुळे पट्टी नसलेले साउथ आफ्रिका मेडल दिसले की ते अपुरे किंवा खोटे आहे असे समजू नका.

१०. इतक्यांना थेट व्हिक्टोरिया क्रॉस का दिला? डीएसओ किंवा मिलिटरी क्रॉस देता आला नसता का?

ती पदके तेव्हा नव्हतीच. डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर १८८६ मध्ये सुरू झाली आणि मिलिटरी क्रॉस डिसेंबर १९१४ मध्ये. १८७९ मध्ये एखाद्या लेफ्टनंटने पराक्रम केला तर अहवालात नावाचा उल्लेख, मानाची बढती किंवा थेट व्हिक्टोरिया क्रॉस, एवढेच पर्याय होते. शिपायांसाठी १८५४ पासूनचे डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल तरी होते आणि रोर्क्स ड्रिफ्टच्या कलर सार्जंट बोर्नला तेच मिळाले. आजच्या पायऱ्या डोक्यात ठेवून जुन्या सन्मानांची तुलना केली की अर्थ चुकतो.

११. एका रात्रीत ११ व्हिक्टोरिया क्रॉस! इसांडलवानाचा पराभव झाकायचा होता, असे म्हणतात ते खरे का?

आकडा बरोबर आहे. ११ पैकी ७ क्रॉस एका पलटणीच्या एका तुकडीला मिळाले. इसांडलवानाच्या बातमीने लंडन हादरले होते आणि त्याच दिवसाची ही दुसरी बातमी सरकारच्या मदतीला धावून आली, हे उघड आहे. तिचा गाजावाजा मुद्दाम झाला. पण जळत्या इस्पितळात भिंती फोडून एकेका आजाऱ्याला पुढच्या खोलीत ओढणाऱ्या शिपायांचा पराक्रम त्याने लहान होत नाही. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही एकत्रच सांगायला हवे.

१२. त्या लढायांत मेलेल्यांना क्रॉस का नाही?

तेव्हाच्या प्रथेप्रमाणे मरणोत्तर क्रॉस देत नसत. इसांडलवानाहून पलटणीचा झेंडा वाचवताना मेलेल्या मेल्व्हिल आणि कॉगहिल या लेफ्टनंटांबद्दल १८७९ मध्ये एवढेच जाहीर झाले की ते जगले असते तर त्यांची शिफारस झाली असती. प्रथा बदलल्यावर, १९०७ मध्ये, त्यांच्या घरच्यांना क्रॉस मिळाले. तब्बल २८ वर्षांनी. म्हणून पराक्रमाची तारीख आणि गॅझेटची, म्हणजे सरकारी राजपत्राची, तारीख यांत मोठे अंतर दिसले तर लगेच शंका घेऊ नका.

१३. झुलूंच्या बाजूबद्दल कोणी का लिहीत नाही?

लिहायलाच हवे. युद्ध ब्रिटिशांनी लादले. झुलू राजा सेटेवायोला पाळता येणार नाहीत अशा अटी घालून सैन्य सीमापार नेले. रोर्क्स ड्रिफ्टवर चालून आलेले योद्धे राजाचा भाऊ दाबुलामान्झी याच्या हाताखाली, बहुतांशी ढाल-भाल्यानिशी आणि थोड्या जुन्या बंदुकांनिशी, बंदुकींच्या माऱ्यात पुनःपुन्हा भिंतीपर्यंत आले. त्यांचे सुमारे ३५० मृतदेह तिथे पुरले गेले आणि प्रत्यक्षात मेलेले त्याहून जास्त. लढाई संपल्यावर आसपास पडलेल्या जखमी झुलूंना ब्रिटिशांच्या बाजूने ठार मारण्यात आले. पदकाच्या कोणत्याही पट्टीवर याची नोंद नाही. पदके जमवणाऱ्याने हे विसरून चालणार नाही, असे मला मनापासून वाटते.

१४. चार्ड मठ्ठ आणि आळशी होता, असे त्याच्याच वरिष्ठांनी लिहिले आहे ना?

हो. दक्षिण आफ्रिकेतला नवा ब्रिटिश सेनापती सर गार्नेट वुल्झली याने १६ जुलै १८७९ रोजी सेंट पॉल्सच्या छावणीत चार्डच्या छातीवर क्रॉस लावला, पण त्याच्याबद्दल रोजनिशीत अत्यंत कडवट लिहिले. त्याच युद्धातला दुसरा ब्रिटिश सेनाधिकारी इव्हलिन वुड याचे मतही वाईट होते. वुल्झलीला मुळात इस्पितळ आणि कोठारात अडकलेल्या माणसांनी जिवावर उदार होऊन लढणे यात वीरश्री दिसत नव्हती. दुसऱ्या बाजूला, चार्ड कमी बोलणारा, धिम्या स्वभावाचा, पाइप ओढत बसणारा माणूस होता हेही खरे असावे. मला त्या खोक्यांच्या भिंतीचा पुरावा रोजनिशीपेक्षा वजनदार वाटतो.

राणीचे मत वेगळे होते. तिने त्याला बॅल्मोरल या आपल्या स्कॉटलंडमधल्या वाड्यावर बोलावून लढाईची हकिकत ऐकली आणि ती लिहून मागितली. फेब्रुवारी १८८० मध्ये त्याने ती सादर केली. आज अभ्यासक जे तपशील वापरतात त्यांतले कितीतरी या हकिकतीतून आलेले आहेत.

१५. क्रॉस मिळाल्यावर त्याचे पुढे काय झाले?

आधी बढती. कॅप्टन आणि ब्रेव्हेट मेजर, दोन्ही एकदम, २३ जानेवारी १८७९ या तारखेपासून. ब्रेव्हेट म्हणजे हुद्द्याचा मान मिळतो, दलातली जागा मात्र जुनीच राहते. तापातून उठून तो ४ जुलैच्या उलुंडीच्या लढाईतही होता. त्यानंतरची १८ वर्षे शांततेची. डेव्हनपोर्ट, मग १८८७ पर्यंत सायप्रस, मग प्रेस्टन, १८९२ पासून सिंगापूरला रॉयल इंजिनियर्सचा प्रमुख, शेवटी स्कॉटलंडमधले पर्थ. जानेवारी १८९७ मध्ये कर्नल. त्याच सुमारास जिभेचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाल्या, पण उपयोग झाला नाही. सॉमरसेटमधल्या हॅच बोशॅम्प या गावी पाद्री असलेल्या भावाच्या घरी तो गेला. लग्न केले नव्हते. कबरीवर ठेवायला राणीने पुष्पचक्र पाठवले.

इंजिनियर अधिकाऱ्याची तीस वर्षांची नोकरी अशीच असे. त्यातल्या एका रात्रीची नोंद ब्राँझवर झाली, उरलेल्या कामाची सरकारी नकाशांच्या कोपऱ्यातल्या सहीत.

१६. चार्डचा क्रॉस ‘नकली’ म्हणून विकला गेला होता, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १९७२ मध्ये चार्डचे साउथ आफ्रिका मेडल आणि सोबत व्हिक्टोरिया क्रॉसची ‘ओतीव नक्कल’ असे वर्णन केलेला एक क्रॉस २,७०० पौंडांना विकला गेला. घेणारे होते स्टॅनली बेकर, रोर्क्स ड्रिफ्टवरच्या १९६४ च्या ‘झुलू’ या चित्रपटात चार्डची भूमिका करणारे नट. १९७६ मध्ये ते वारले. आपल्याकडे खऱ्या मोहीमपदकासोबत एक नक्कल आहे, अशीच त्यांची समजूत शेवटपर्यंत होती. पुढे हा जोड दुसऱ्या संग्राहकाकडे गेला.

१९९६ मध्ये तो क्रॉस लंडनच्या स्पिंक या पदकांच्या जुन्या पेढीकडे आला आणि त्यांनी धातू तपासून घेतला. व्हिक्टोरिया क्रॉसचे ब्राँझ डॉनिंग्टनच्या लष्करी कोठारात जपून ठेवलेल्या लगडीतून कापून दिले जाते. त्या लगडीशी ताडून पाहिल्यावर नक्कल समजला गेलेला क्रॉस अस्सल निघाला. आता तो पदकांचे संग्राहक लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या संग्रहात आहे.

तज्ज्ञांच्या हाताखालून जाऊनही हे कसे घडले, त्याचे एक कारण पुढच्या उत्तरात आहे.

१७. ओतीव पदक म्हणजे नकली, असे सगळे सांगतात. बरोबर आहे का?

बहुतेक पदकांसाठी बरोबर. मोहिमेची पदके टाकसाळीत ठशाने दाबून काढलेली असतात. अक्षरे धारदार, पृष्ठभाग घट्ट. अशा पदकाचा साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून किंचित लहान भरते, कडा गोलसर होतात, भिंगातून बारीक छिद्रे दिसतात.

पण व्हिक्टोरिया क्रॉस मुळातच ओतीव आहे! सुरुवातीला ठसा मारून पाहिला, पण ब्राँझ इतके कडक निघाले की ठसेच तडकले. म्हणून लंडनच्या हॅनकॉक्स या सराफांनी वाळूच्या साच्यात ओतून, हाताने छिन्नीकाम करून क्रॉस घडवायला सुरुवात केली. त्यामुळे प्रत्येक क्रॉस किंचित वेगळा आणि ‘ओतीव आहे’ ही खूण इथे निरुपयोगी.

धातू क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलला जिंकलेल्या रशियन तोफांचा, असे परंपरेने सांगतात. पण ज्या जुन्या तोफांतून तो कापला असे मानतात त्या घडणीने चिनी आहेत. तेव्हा ‘रशियन तोफेचे ब्राँझ’ असा दाखला कोणी दाखवला तर तो पुरावा धरू नका.

१८. या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

चार्डचा नाही, तो हिंदुस्थानात नेमणुकीवर नव्हता. त्याच्या दलाचा मात्र आहे. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांचे इंजिनियर अधिकारी १८६२ मध्ये रॉयल इंजिनियर्समध्ये सामील झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदी सॅपर्स राहिले. पुण्याजवळच्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स ते हेच.

१८६७-६८ ची ॲबिसिनियाची मोहीम मुंबईहून निघाली. तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर हाही मूळचा इंजिनियर. त्या मोहिमेचे पदक संग्राहकांच्या खास आवडीचे आहे, कारण त्यावर सैनिकाचे नाव कडेऐवजी मागच्या बाजूला मधोमध उठावाने येते. कडेवर नाव सापडत नाही म्हणून कोणी ते टाकून देऊ नये.

खडकीचेच सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांना १९४१ मध्ये ॲबिसिनियाच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. चार दिवसांत त्यांनी ५५ मैलांच्या वाटेवरचे १५ सुरुंगपट्टे साफ केले. त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, तरी काम दुसऱ्याकडे द्यायला ते तयार नव्हते. इंजिनियरचा पराक्रम कसा असतो याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१९. पणजोबांचे मेडल सापडले आहे. ते कोणाचे, कशाचे, हे कसे ओळखायचे?

पदक सपाट धरू नका, उभे धरा आणि उजेडात कडा फिरवा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर कडेला क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण अशा क्रमाने इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात. ‘एसपीआर’ म्हणजे सॅपर. ‘३ एस अँड एम’ म्हणजे तिसरी सॅपर्स अँड मायनर्स, त्या काळचे बॉम्बे सॅपर्सचे अधिकृत नाव. याच दलाच्या दोन कंपन्यांची ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या न्यू शापेलला भीषण हानी झाली. घरात १९१४ साल लिहिलेला ब्राँझचा तारा असेल तर माणूस युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांतच फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये होता.

नावांची स्पेलिंगे साहेबाच्या कानाला जशी पटली तशी आहेत, आडनाव बहुधा नसतेच. म्हणून नावापेक्षा क्रमांकावर भर द्या.

दुसऱ्या महायुद्धात एक उलटी गोष्ट आहे. ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या ताऱ्यांवर आणि पदकांवर नावे नव्हती, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र घातली जात. त्यामुळे आपल्या घरातल्या मेडलवर नाव असणे ही शंकेची नव्हे, आनंदाची गोष्ट.

पुढच्या शोधासाठी दलाचे रेकॉर्ड ऑफिस गाठा, बॉम्बे सॅपर्ससाठी ते खडकीला आहे. लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पदकांच्या याद्या आहेत आणि लंडन गॅझेटचे जुने अंक इंटरनेटवर फुकट पाहता येतात. चार्डचे नाव २ मे १८७९ च्या अंकात मिळेल.

२०. मेडल काळे पडले आहे. चिंचेने घासू का?

नको. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, काहीही नको. घासल्याने सर्वांत आधी झिजतात ती कडेची अक्षरे आणि तीच तर ओळख आहे. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ टिपा. जुनी रिबन विटली असली तरी फेकू नका, वेगळ्या कागदात गुंडाळून सोबत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात दमट हवा कोंडते, त्यापेक्षा कोरडा पुठ्ठ्याचा डबा बरा.

२१. परदेशातल्या लिलावात विकायला पाठवता येईल का?

पदक शंभर वर्षांहून जुने असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीच्या ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाची बरीच पदके या मर्यादेत आली आहेत. काहीही करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा. मोडीत चांदीच्या भावाने तर कधीच देऊ नका. चांदीची कितीतरी ब्रिटिश वॉर मेडल्स अशीच वितळली.

२२. कार्यक्रमात पणजोबांची पदके मी लावू शकतो का?

लावू शकता, पण छातीच्या उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची.

२३. कडेवरचे नाव घासून काढलेले आहे किंवा दोन पदकांवर दोन वेगळी नावे आहेत. मग?

नाव काढून दुसरे घातलेल्या पदकाची कडा थोडी उतरलेली असते. व्हर्नियर कॅलिपरने दोन-तीन जागी व्यास मोजा. ३६ मिलिमीटरच्या पदकात एका भागात फरक दिसला तर तिथे कानस फिरली आहे. हरवलेल्या पदकाच्या बदली सरकारने दिलेले पदक असेल तर कडेवर अनेकदा ‘आर’ हे अक्षर किंवा ‘रिप्लेसमेंट’ असे लिहिलेले असते आणि ते पूर्ण अस्सल धरतात.

दोन नावे असतील तर आधी घरातच चौकशी करा. सख्खे-चुलत भाऊ एकाच पलटणीत भरती होत आणि त्यांची पदके एकाच पेटीत राहत. दोन्ही क्रमांक रेकॉर्ड ऑफिसला स्वतंत्र पत्राने कळवा, सोबत कडेचा तिरप्या उजेडात काढलेला फोटो जोडा आणि उत्तर येईपर्यंत कोणतेही पदक रिबनवरून सोडवू नका.